हाकेला इटालियन

शिवलिंग गवळ्याची हाक एकदा ऐकलेला माणूस ती विसरत नसे, आणि शिवाजी पेठेत ती न ऐकलेला माणूसच नव्हता. साठीला आलेला हा गृहस्थ अंगानं काटकुळा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि एरवीचं बोलणं इतकं मऊ की समोरच्यानं पुढं झुकून ऐकावं. पण म्हशीला हाक मारायची म्हटली की एवढ्याशा छातीत एवढा वारा कुठून भरायचा देव जाणे. ‘चंद्राक्काऽऽ, ये गंऽऽ’ अशी आरोळी सुटली की नदीवर धुवायला नेलेली त्याची म्हैस कासरा हिसडून घराकडं धावत सुटायची. वाटेतले स्कूटरवाले आपण होऊन कडेला थांबायचे.

सगळी पेठ त्याला अण्णा म्हणायची, आणि अण्णाचा खरा मान दिवाळीच्या पाडव्याला. त्या दिवशी कोल्हापुरात म्हशी मिरवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या, कपाळावर मोरपिसं लावायची. अण्णाच्या गल्लीची रीत अशी, की चौकाच्या या टोकाला मालक, त्या टोकाला म्हैस, मध्ये शेपाचशे माणसं, फटाके आणि पिपाण्या. मालकानं एकदा हाक मारायची. म्हैस आली तर मालकाची मान वर. नाही आली तर गिऱ्हाईकं वर्षभर विचारतात, “दूध तुमच्याच म्हशीचं न्हवं?” सगळ्यांत झटक्यात येईल त्या म्हशीला चौकातली पहिली ओवाळणी. गेली एकवीस वर्षं ती अण्णाच्या दावणीलाच येत होती. आधी चंद्राक्काच्या आईला, मग चंद्राक्काला.

आणि यंदा श्रावणात अण्णाची हाक गेली. एका सकाळी त्यानं गोठ्याच्या दारात उभं राहून तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा आली.

घशाचे डॉक्टर विश्वजित हे अण्णाचं जुनं गिऱ्हाईक, रोजचं एक लिटर. त्यांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं, “स्वरतंतूंवर गाठी झाल्यात. ओरडून ओरडून. काढून टाकू, काळजीचं काही नाही. पण पंधरा दिवस तोंडातून एक शब्द नाही. त्यानंतर बोला, पण हळू. हाक मात्र पाडव्याच्या आठ दिवस आधी, मी तपासल्यावर.”

ऑपरेशन व्यवस्थित झालं. अण्णाच्या गळ्यात सुनेनं एक पाटी अडकवली, पेन्सिल बांधली, आणि घरात शांतता पसरली. तेव्हा कुठं सगळ्यांच्या ध्यानात आलं, की अण्णाची हाक कुणी रेकॉर्डच करून ठेवलेली नाही. सुनेच्या, म्हणजे दानेश्वरीच्या, फोनमध्ये चंद्राक्काचे अकराशे फोटो होते, जांभई देतानाचेसुद्धा. पण जी हाक रोज दोन वेळा फुकट ऐकू येते ती भरून कोण ठेवतं? तिच्या लग्नाच्या व्हिडिओत अण्णानं गडहिंग्लजच्या व्याह्यांना एकदा मारून दाखवली होती, पण नेमका त्यावर बॅंड वाजत होता. मुलानं, महांतेशनं, बापासारखी हाक मारून बघितली. चंद्राक्कानं शेपूट वर केलं आणि त्याच्या नव्या बुटांचं वाटोळं केलं.

तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी अण्णाच्या हातात एक पेन ड्राइव्ह ठेवला. डॉक्टरांना एकच व्यसन होतं. परदेशात गाण्यातून नाटकं करतात, त्याला ऑपेरा म्हणतात. त्यात वरच्या पट्टीत गाणारे पुरुष असतात ते टेनर. या टेनरांची गाजलेली गाणी डॉक्टर जमवायचे. शंभर वर्षांपूर्वीच्या खरखरणाऱ्या तबकड्यांपासून परवापर्यंतची.

“यात बावीस गाणी आहेत, अण्णा. हे लोक दोन-दोन हजार माणसांसमोर माईकशिवाय गातात आणि घसा बसत नाही. कारण तुम्ही घशानं ओरडता, हे पोटानं गातात. रोज अर्धा तास ऐकायचं. औषध समजा.”

अण्णानं पाटीवर लिहिलं, ‘यांच्या म्हशी किती?’

“म्हशी नसतात त्यांच्याकडं.”

अण्णानं पाटी पुसली. त्याच्या चेहऱ्यावरून डॉक्टरांना कळलं की टेनर लोकांची किंमत एकदम खाली आलेली आहे.

घरी पहिलं गाणं लागलं आणि बसव्वा पोळपाट टाकून बाहेर आली. अण्णाची ही बायको पेठेत कुणाच्या बापाला भीत नसे. “शिवा शिवा! घरात कोण तरी गेल्यागत वाटतंय. आत्ता शेजारच्या बायका पदर डोक्यावर घिऊन भेटायला येतील. गोठ्यात न्या ते!”

म्हणून स्पीकर गोठ्यात खुंटीला लागला. अण्णा पेंडीच्या पोत्यावर बसून औषध घेऊ लागला. भाषा इटालियन, अण्णाला कानडी आणि मराठी. पण आठवडाभरात त्यानं बावीसच्या बावीस गाण्यांचा अर्थ लावला आणि सुनेला पाटीवर लिहून समजावून सांगितला. पहिल्या गाण्यातल्या माणसाची म्हैस बाजारात चुकलेली होती. दुसऱ्यात सापडली, पण आटलेली. चौथ्यात तीच म्हैस कुणीतरी दुसराच धरून घेऊन चालला होता आणि हा गर्दीतून नुसता बघत होता. नववं गाणं लागलं की अण्णा टोपी काढायचा, कारण त्यात म्हैस मेलेली होती. त्या दिवशी तो चहासुद्धा घेत नसे.

दानेश्वरीनं फोनवर शोधून सांगितलं, “अण्णा, म्हशीचं न्हाय ओ हे. बाईसाठी रडाय लागलाय त्यो. जीव होता त्याचा तिच्यावर.”

अण्णानं लिहिलं, ‘तेच की.’

आणि सहावं गाणं. त्यात, अण्णाच्या मते, माणूस गगनबावड्याला घाटाच्या तोंडाशी उभा होता आणि म्हैस खाली कोकणात उतरलेली होती. मध्ये धुकं, धो धो पाऊस, काही दिसत नाही. तो आधी हळू बोलावतो, समजूत घालतो, मग जरा रागावतो, आणि शेवटी एक असा सूर लावतो की तो घाट उतरून पार खालच्या गावापर्यंत जावा. अण्णा पहिल्यांदा ऐकताना त्या सुराला पोत्यावरून उठलाच. आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या हाकेला त्यानं मनातून मान दिला तो तेवढाच.

तेवढ्यात मागं काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. चंद्राक्कानं खुंट उपटला होता. ती धपाधप चालत आली, स्पीकरला नाक लावलं आणि डोळे मिटून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिला मुद्दाम गल्लीच्या कोपऱ्यावर बांधली, तर सहाव्याच्या शेवटच्या सुराला तिथनं आली, येताना एक भाजीची हातगाडी सरकवून आली. दूध वेळेला अर्धा लिटर वाढलं. बसव्वा म्हणाली, “गळा काढतोय खरा, पण पायगुण बरा हाय मुडद्याचा.”

सगळे खूश होते. फक्त अण्णाच्या पोटात दुखू लागलं. आधी त्याला वाटलं पित्त असेल. पण पंधरा दिवसांनी बोलायची परवानगी मिळाली तेव्हा तो म्हशीच्या कानाशी जाऊन हळूच ‘चंद्राक्का’ म्हणाला, आणि तिनं कान झटकला, माशी बसल्यावर झटकतात तसा. तेव्हा पित्त नव्हे हे त्याला कळलं.

“अहो, जळताय व्हय त्या इटलीवाल्यावर?” बसव्वानं विचारलं.

“जळतोय कशाला,” अण्णा कुजबुजला. “त्यानं एक दिस येऊन शेण काढून दाखवावं. मग बोलू.”

हे सगळं भिंतीपलीकडून ऐकणारा आणखी एक माणूस होता. बाळासो. त्याचा गोठा आणि अण्णाचा गोठा यांच्यात एकच भिंत, तीही निम्मीच. बाळासोचा आवाज म्हणजे भोंगा होता, त्याची म्हैस बिजली पळायला वाऱ्यासारखी, पण एकवीस वर्षं ओवाळणीत त्याचा नंबर दुसरा. अडीच महिने रोज संध्याकाळी तो भिंतीवरून डोकं काढून ओरडायचा, “अण्णा, बंद करा की ते! माझी म्हस बिथराय लागलीया. काल धार काढताना माझ्याच तोंडातनं ते याय लागलं, माझी बायको हसून पडली!”

पाडवा आठ दिवसांवर आला. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. “घसा स्वच्छ आहे, अण्णा. हाक मारायला हरकत नाही. पण पूर्वीचा आवाज आता विसरा. असा बारीक, गोड आवाज राहील.”

गोड आवाज घेऊन अण्णा घरी आला. गोठ्याच्या दारात, रोजच्या जागी उभा राहिला आणि त्यानं तीन महिन्यांनी हाक मारली. “चंद्राक्काऽऽ, ये गंऽऽ.” आवाज बारीक होता, पण लांबवर जाणारा होता, निर्मळ होता.

चंद्राक्कानं मान वर केली. अण्णाकडं बघितलं. मग वळून स्पीकरकडं तोंड करून उभी राहिली, हे कुठलं नवीन गाणं लागलं म्हणून.

अण्णा मटकन पोत्यावर बसला. ही म्हैस जन्मली तेव्हा आडवी आली होती, तिला त्यानं स्वतःच्या हातानं ओढून काढलं होतं. आई दूध देईना म्हणून तान्ह्या बाळासारखं बाटलीनं पाजलं होतं. आणि आज ती त्याला ओळखत नव्हती. अण्णाला रडू आलं. त्यानं ते लपवलंही नाही.

“पाडव्याला स्पीकर लावू या की चौकात,” महांतेश म्हणाला. “म्हस आल्याशी मतलब.”

भिंतीवरून ताबडतोब डोकं वर आलं. “न्हाय जमायचं! हाक मालकाची पायजे, मशिनीची न्हाय. आज स्पीकर आणशीला, उद्या कोण रिमोटवर म्हस चालवंल!”

राग आला तरी अण्णाला ते पटलं. स्पीकरवर आलेली म्हैस ही त्याची म्हणून आलीच नसती. पाचशे लोकांसमोर ती इटलीची म्हणून आली असती. त्यापेक्षा न आलेली बरी. मग तिसरा मार्ग एकच उरला. जो आवाज तिला हवा होता तोच आपल्या तोंडातून काढायचा.

आठ दिवस अण्णा सहावं गाणं शिकला. बसव्वाच्या धाकानं तो दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये तोंड घालून गायचा. कॅनमधून असे आवाज यायचे की दूध न्यायला आलेली गिऱ्हाईकं पातेली तशीच घेऊन परत जायची. इटालियन शब्द जिभेवर बसेनात, म्हणून त्यानं आपले घातले. ‘ये गं बाई, पेंड भिजलीया, वैरण टाकलीया, कुठं राहिलीस’ असे ते शब्द त्या चालीत चांगले बसत होते. दानेश्वरी फोनवर चाल तपासायची. “अण्णा, वैरणीला जरा जास्त थांबतोय त्यो.” बारीक झालेला आवाज नेमका त्या उंचीला जात होता, आणि सातव्या दिवशी सूनबाई चाल तपासायची विसरून नुसती ऐकत राहिली.

फक्त शेवटचा सूर येईना. तिथं गेलं की घसा दार लावून घ्यायचा.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “तो सोडून द्या. तिथं भल्याभल्यांची फजिती झालीय.”

“डॉक्टर, ती त्याच सुराला येतीया.”

डॉक्टरांनी डायरीत पाडव्याची दुपार मोकळी करून घेतली. मग म्हणाले, “मी येतो पाडव्याला.”

पाडव्याला दुपारपासून चौक भरला. बाळासोनं बिजलीला हाक मारली तशी ती तीरासारखी सुटली, पण निम्म्या वाटेत एका मंडळाच्या कमानीला झेंडूची माळ लागलेली होती. बिजलीनं ती खायला सुरुवात केली आणि तोंड पोचेल तिथवरची संपेपर्यंत हलली नाही. बाकीच्या म्हशी कुणी रमतगमत आल्या, कुणी मालकाऐवजी वडापावच्या गाडीकडं गेल्या. शेवटी अण्णाचं नाव पुकारलं. लांब त्या टोकाला महांतेश चंद्राक्काला धरून उभा होता. तिची शिंगं लालभडक होती आणि कपाळावर मोरपीस हलत होतं.

अण्णा पुढं झाला. पांढरा नवा शर्ट, इस्त्रीची टोपी. त्यानं डोळे मिटले आणि घाटाच्या तोंडाशी उभा राहिला.

पहिली ओळ निघाली तेव्हा हशा पिकला. कुणीतरी शिट्टी मारली. दुसऱ्या ओळीला शिट्टी थांबली. वैरणीपर्यंत येईतो चौकात इतकी शांतता झाली की पिपाणीवाल्यानंसुद्धा पिपाणी खाली घेतली. डॉक्टर एका पायरीवर उभे राहून ओठ हलवत होते. आणि चंद्राक्का निघाली. गर्दी दुभंगत होती, ती डौलात येत होती. ‘कुठं राहिलीऽऽस’ म्हणत अण्णा वर चढला, आणखी वर चढला, शेवटच्या सुरापाशी आला, तोंड उघडलं, आणि आतून श्रावणातल्यासारखी नुसती हवा आली.

चंद्राक्का चौकाच्या मधोमध थांबली. कान टवकारून सुराची वाट बघू लागली.

अण्णानं पुन्हा तोंड उघडलं. काही नाही. एकवीस वर्षांचा मान, सगळी पेठ बघते आहे, आणि म्हैस पन्नास पावलांवर उभी. त्याला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्यानं तोंड मिटलं आणि मान खाली घातली.

आणि इथं बाळासोला राहवेना.

दोष त्याचा नव्हता. अडीच महिने रोज त्यानं ते गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं होतं. शेवटाशिवाय ते तोडलेलं त्याला सोसणं शक्यच नव्हतं, नाकाशी आलेली शिंक परत जावी तसं ते झालं होतं. त्यानं छाती फुगवली आणि बिजलीच्या शेजारी उभं राहून तो सूर असा लावला की कमानीची उरलीसुरली झेंडूची फुलं गळाली. तो लावतोय म्हटल्यावर वरच्या गॅलरीतली त्याची बायको लावू लागली. मग भाजीवाली. मग दूध न नेता परत गेलेली सगळी गिऱ्हाईकं. अख्खी गल्ली ते गाणं भिंतींतून, खिडक्यांतून पाठ करून बसली होती आणि कुणी कुणाला बोललं नव्हतं. डॉक्टर तर दोन्ही हात पसरून गात होते आणि त्यांचा सूर साफ चुकत होता. सगळ्या चौकाला तो एकच सूर लागला होता. फक्त अण्णा गप्प उभा होता, जमिनीकडं बघत.

चंद्राक्का निघाली. सगळ्यांत मोठा आवाज बाळासोचा, आणि ती त्याच्याकडंच चाललेली दिसत होती. बाळासोनं गाता गाता हातसुद्धा पुढं केला. ती त्याच्या हाताखालून पुढं गेली. डॉक्टरांच्या पायरीसमोरून पुढं गेली. भाजीवालीनं ओळखीनं हातगाडी आधीच मागं घेतली, तिलाही ओलांडून गेली. इकडून तिकडून, वरून खालून तिला हवा तो सूर घुमत होता, आणि ती त्यातून वाट काढत तोंड मिटून उभ्या असलेल्या माणसापाशी आली आणि तिनं आपलं ओलं नाक त्याच्या नव्या शर्टावर टेकवलं.

सूर हळूहळू विरला. बाळासोचा सगळ्यांत शेवटी.

अण्णानं दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं. डोळ्यांतलं पाणी गालांवरून खाली येत होतं, कपाळ त्यानं म्हशीच्या कपाळाला लावलं होतं आणि विभूती मोरपिसाला गेली होती.

“थांबा थांबा,” बाळासो गर्दीतून पुढं आला. “हाक मी मारलीया. ओवाळणी कुणाला?”

बसव्वा आरतीचं ताट घेऊन आली होती. तिनं बाळासोला वरपासून खालपर्यंत बघितलं. “हाक तुझी, सूर तुझा. म्हस कुणाकडं आली ते तेवढं बघ. मी ओवाळतो तिला, आन् मग तुझ्या बिजलीला बी ओवाळतो. फुलं खाल्ल्याबद्दल.”

“बिजलीला न्हाय, मला ओवाळा की वैनी. घसा बसला माझा.”

“पाटी हाय आमच्याकडं,” दानेश्वरी म्हणाली. “देऊ काय?”

लोक हसले, फटाके परत सुरू झाले, बाळासोनं नारळ फोडला. डॉक्टर अण्णाजवळ येऊन सुराबद्दल काहीतरी सांगू लागले, पण अण्णाचं लक्ष नव्हतं. संध्याकाळी दूध घालताना तो प्रत्येक दारात थांबत होता. पातेलं भरून झालं तरी हलत नव्हता. त्या नव्या बारीक आवाजात तो जो भेटेल त्याला तेवढंच सांगत होता, “शेवटची हाक मी मारलीच न्हवती. तरी आली.”